लुडविग रिख्टर याचीं गृहचित्रें व त्यांचें साधनमूल्य

जुन्या कागदांचा व्यासंग करणारास दरबार भेटतो, रणांगण भेटतें, वतनाचा तंटा तर पावलोपावलीं भेटतो. घर मात्र क्वचित् भेटतें. जमाखर्चाच्या बंदांत बाळंतविड्याची एखादी रक्कम, मुंजीच्या आमंत्रणाचें एखादें पत्र, दुखण्याच्या बातमीच्या दोन ओळी, एवढ्यावरून त्या काळच्या घरांत दिवेलागणीनंतर कोण कोठें बसत असे, मुलास कोण निजवीत असे, म्हाताऱ्या माणसांचा वेळ कसा जात असे, हें सांगतां येत नाहीं. म्हणून ज्या देशांत अशा प्रसंगांचीं चित्रें विपुल निघालीं व जपून ठेविलीं गेलीं, त्या देशाच्या इतिहासकारांचा आपणांस हेवा वाटणें साहजिक आहे. हा हेवा कितपत सार्थ आहे, म्हणजे असलीं चित्रें इतिहासाचें साधन म्हणून किती अंशीं विश्वसनीय मानावीं, हें एका मोठ्या उदाहरणावरून तपासून पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण जर्मनींतील सॅक्सनीचा चित्रकार आड्रियान लुडविग रिख्टर याचें घेतलें आहे. एकोणिसाव्या शतकांत आई, मूल, आजी, चूल आणि अंगण यांचीं चित्रें इतक्या प्रेमानें व इतक्या संख्येनें काढणारा दुसरा रेखाकार सांपडणें कठीण.

रिख्टर याचा जन्म ड्रेस्डेन शहराच्या फ्रीडरिखश्टाट नांवाच्या उपनगरांत ता. २८ सप्टेंबर १८०३ रोजीं झाला. बाप कार्ल आउगुस्ट रिख्टर हा तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरणारा कारागीर होता, व मुलाचें पहिलें शिक्षण बापाच्याच कारखान्यांत झालें. पत्र्यावर लहान लहान स्थळदृश्यें कोरावयाचीं व तीं प्रवाशांस विकावयाचीं, असा हा धंदा होता. सन १८२० मध्यें नारिश्किन नांवाच्या रशियन सरदारानें प्रवासांतील देखावे काढण्यासाठीं त्यास फ्रान्सकडे नेलें. पुढें ड्रेस्डेनचा प्रकाशक आर्नोल्ड यानें पदरचा पैसा खर्च करून तीन वर्षांसाठीं त्यास इटलींत धाडिलें. १८२३ ते १८२६ या काळांत रोम येथें योझेफ आंटोन कोख, यूलिउस श्नोर फोन कारोल्सफेल्ड इत्यादि जर्मन चित्रकारांच्या सहवासांत तो राहिला. परत आल्यावर १८२७ सालीं आउगुस्ट फ्रॉइडेनबेर्ग हिच्याशीं त्याचा विवाह झाला. (आउगुस्ट हें नांव येथें स्त्रीचें आहे, सासऱ्याचें व सुनेचें नांव आपल्या लिपींत सारखेंच उमटतें, त्यामुळें घोटाळा होऊं नये.) १८२८ पासून माइसेन येथील चिनी मातीच्या कारखान्यास जोडलेल्या चित्रशाळेंत तो शिक्षक होता. ती शाळा बंद झाल्यावर तो ड्रेस्डेनच्या कला-अकादमींत आला व १८७६ पर्यंत तेथेंच राहिला. त्याचा मृत्यु ता. १९ जून १८८४ रोजीं ड्रेस्डेन येथें झाला.

एवढें चरित्र प्रस्तुत विषयास पुरें आहे. त्यांत ध्यानांत ठेवण्याजोगी एक गोष्ट अशी कीं, रिख्टर हा मूळचा भूदृश्यांचा चित्रकार. घरगुती प्रसंगांकडे तो उशिरां वळला. माइसेनच्या काळांत त्याचें मन इटलीकडे ओढ घेत असे आणि आपण एका लहानशा गांवांत अडकून पडलों, असें त्यास वाटे. १८३४ सालीं बोहेमियाच्या हद्दींत एल्बे नदीच्या कांठानें तो पायीं फिरला, तेव्हां जवळचाच देश आपण कधीं नीट पाहिला नाहीं हें त्याच्या लक्षांत आलें. या फिरण्याचें फळ म्हणजे ‘श्रेकेनश्टाइन येथील उतार’ हें १८३७ चें रंगचित्र. एका होडींत नावाडी, हार्प वाजविणारा म्हातारा, तरुण जोडपें, उभा राहून वरच्या पडक्या किल्ल्याकडे पाहणारा प्रवासी आणि एक लहान मूल, अशीं भिन्न वयांचीं माणसें एकत्र बसलीं आहेत. किल्ला मागें राहिला असून माणसें पुढें आलीं आहेत. त्याच्या पुढील चाळीस वर्षांच्या कामाची दिशा या एका चित्रांत दिसते.

तथापि रिख्टर याचें खरें क्षेत्र रंगचित्र नव्हे, छापील पुस्तक होय. लाइपझिग येथील प्रकाशक गेओर्ग विगांड यानें त्यास प्रथम जर्मनीच्या रम्य प्रदेशांचीं दृश्यें काढण्याचें काम दिलें. तीं पोलादी पत्र्यांवर कोरलीं जात. नंतर लाकडी ठशांचीं चित्रें सुरू झालीं. गोल्डस्मिथच्या ‘व्हिकर ऑफ वेकफील्ड’ या कादंबरीचें सचित्र जर्मन भाषांतर १८४१ चें व मुझेउस याच्या लोककथांची सचित्र आवृत्ति १८४२ ची. बेख्श्टाइन याच्या कथासंग्रहाच्या १८५३ च्या आवृत्तींत त्याचीं १७४ चित्रें आहेत. परंतु गृहजीवनाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं पुस्तकें निराळींच. ज्यांत मजकूर नांवापुरता, एखादी म्हण, एखादें कडवें, आणि पान सर्व चित्राचें, अशा वह्या १८५१ पासून निघूं लागल्या. पहिलीचें नांव मराठींत ‘चिंतनीय व उद्बोधक’ असें होईल. १८५६ सालीं ख्रिस्ती प्रार्थनेच्या एकेका वचनावर एकेक गृहप्रसंग काढलेली ‘आमच्या बापा’ ही वही निघाली. १८५८ ते १८६१ या चार वर्षांत ‘घरासाठीं’ या नांवाचे चार भाग निघाले. हिंवाळा, वसंत, उन्हाळा व शरद् अशी त्यांची वांटणी आहे. १८६६ सालीं ‘आमची रोजची भाकर’ ही वही निघाली. सर्व मिळून त्याच्या रेखाटनांवरून कोरलेल्या लाकडी ठशांची संख्या दोन हजारांच्या पुढें जाते.

या वह्यांत आहे तरी काय, हें प्रत्यक्ष न पाहिलेल्या वाचकासाठीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. आई मुलास न्हाऊं घालीत आहे, थोरली बहीण टॉवेल घेऊन उभी आहे, आणि सर्वांत धाकटें पोर घंगाळाच्या कांठाला धरून आंत डोकावत आहे. आजी चरख्याजवळ बसून गोष्ट सांगत आहे. ऐकणाऱ्या मुलांपैकीं एकाचें तोंड उघडें राहिलें आहे, दुसरें निजलें आहे, तिसरें मांजराशीं खेळत असून त्याचें गोष्टीकडे लक्ष नाहीं. जेवणापूर्वीं सर्व हात जोडून उभे आहेत, आणि एका मुलाची दृष्टि मिटल्या डोळ्यांच्या फटींतून ताटाकडे गेली आहे. बाप कामावरून परततो आणि दारांतच पोर त्याच्या पायांस मिठी मारतें. विहिरीवर मुली पाणी भरीत आहेत, छपरावर कबुतरें बसलीं आहेत, उंबऱ्यावर कुत्रा झोंपला आहे. हा कुत्रा बहुधा श्पिट्झ जातीचा, टोंकदार कानांचा व झुबकेदार शेपटीचा असतो. रिख्टरच्या चित्रांत तो इतका वारंवार येतो कीं, त्यास चित्रकाराची सही म्हणण्यास हरकत नाहीं.

या चित्रांतील माया दिसते ती अशा लहान लहान भेदांत. तीन मुलें ऐकत आहेत असें रिख्टर कधींच काढीत नाहीं. एक ऐकतें, एक पेंगतें, एक चुकार असतें. आईच्या हाताची बोटें मुलाच्या मानेखालीं कशीं पसरतात, कडेवरच्या मुलाच्या भारानें तिचा खांदा किती कलतो, चालूं लागलेलें मूल पडूं नये म्हणून म्हातारा हात किती अंतरावर धरतो, हें त्यानें अतिशय बारकाईनें पाहिलें आहे. अठराव्या शतकांत बर्लिन येथील दानिएल खोडोव्हिएत्स्की यानें (१७२६–१८०१) असे गृहप्रसंग तांब्याच्या पत्र्यावर कोरले होते. परंतु त्याचीं माणसें दिवाणखान्यांत आहेत व आपल्याकडे कोणी पाहत आहे याची त्यांना जाणीव आहे. रिख्टरचीं माणसें आपल्याच कामांत असतात. त्याच्या रेषेचें नातें त्याहून मागें, आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या १५११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेरी-चरित्राच्या लाकडी चित्रांशीं लागतें. त्या मालेंतील मेरीजन्माच्या चित्रांत बाळंतिणीची खोली, बायकांची लगबग व मुलास न्हाऊं घालणारी दाई यांचाच विस्तार अधिक आहे. पवित्र कथेंत शिरलेलें घर रिख्टर यानें बाहेर काढलें आणि त्यासच कथा बनविलें, असें म्हणतां येईल.

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग. ज्यास आपण रिख्टरचें रेखाटन म्हणतों, त्याचा मोठा अंश आज कोठेंही अस्तित्वांत नाहीं, आणि तो नष्ट झाला म्हणूनच चित्र छापलें गेलें. एकोणिसाव्या शतकांतील लाकडी ठशाची रीत इंग्लंडांतील टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) यानें रूढ केलेली होती. बॉक्स नांवाच्या संथ वाढणाऱ्या झुडपाचें अत्यंत घट्ट लाकूड आडवें कापून, म्हणजे ज्या अंगास झाडाचीं वर्तुळें दिसतात तें अंग वर घेऊन, गुळगुळीत करावयाचें. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावयाचा व चित्रकारानें शिसपेन्सिलीनें किंवा शाईच्या लेखणीनें प्रत्यक्ष लाकडावर उलट्या बाजूनें चित्र काढावयाचें. मग कोरणारा बारीक कोरणीनें रेषांमधील जागा खोदून काढी व रेषा तेवढ्या उंच ठेवी. चित्र टंकाच्या उंचीचें झालें कीं अक्षरांबरोबर एकाच दाबाखालीं छापतां येई. तांब्याचा किंवा पोलादाचा पत्रा निराळा छापावा लागे. मजकुरांत मिसळलेलीं चित्रें स्वस्त पुस्तकांत शक्य झालीं तीं या सोयीमुळें. परंतु कोरणी फिरली कीं चित्रकाराच्या हातची मूळ रेषा गेली. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, मसुदा फाडून त्याचीच नक्कल करावी, आणि पुढें सर्वांनीं नकलेवरूनच मूळ वाचावें, अशांतला हा प्रकार आहे.

म्हणून नक्कलकार कोण होता, हें पाहणें अवश्य आहे. रिख्टरच्या ठशांवर एका कोंपऱ्यांत ‘एल् रिख्टर’ किंवा नुसतीं आद्याक्षरें आणि दुसऱ्या कोंपऱ्यांत कोरणाराचें नांव बहुधा आढळतें. ह्यूगो ब्युर्कनर व आउगुस्ट गाबर हीं त्यांतील प्रमुख नांवें. गाबर हा पुढें रिख्टरचा जांवई झाला, आणि ‘आमच्या बापा’ ही वही गाबर व रिख्टरचा मुलगा हाइनरिख यांच्या संस्थेनेंच प्रसिद्ध केली. गाबरच्या हातचा ठसा व एखाद्या अनोळखी हातचा ठसा शेजारीं ठेवून मुलांचे चेहरे पाहावे. गालाची रेषा एका केंसाइतकी जाड झाली तरी मूल प्रौढ दिसूं लागतें. रिख्टर यानें यावर उपाय केला तो असा कीं, त्यानें छायांची गर्दी टाळली आणि कोरणारास संशय राहणार नाहीं अशा मोकळ्या, सुट्या रेषा वापरल्या. त्याच्या शैलीचा जो साधेपणा रसिक वाखाणतात, तो बराचसा कोरणीच्या भयानें आलेला आहे, असें माझें मत आहे. यांत त्याचें श्रेय कमी होत नाहीं.

कागदावर राहिलेल्या पूर्वरेखाटनांची गोष्ट निराळी. तीं अस्सल हातचीं असतात व त्यांस किंमतही मोठी येते. अर्थात् नकलाही होतात. कांहीं संग्राहक चित्राची बाजू पाहून निर्णय करतात. छापील चित्राच्या उलट बाजूचें असेल तर अस्सल, त्याच बाजूचें असेल तर नक्कल, असा त्यांचा ठोकताळा असतो. तो भरंवशाचा नाहीं. चित्रकार कागदावर सुलट काढून, तो कागद पालथा घालून लाकडावर गिरवीत असल्यास अस्सल रेखाटनाची बाजूही छापील चित्रासारखीच राहते. शिवाय १८६० नंतर कागदावरील रेखाटनाचें छायाचित्र लाकडावर उतरविण्याची युक्ति प्रचारांत येऊं लागली, आणि ती वापरल्यास मूळ कागद शाबूत राहूं शके. अशा ठिकाणीं जुन्या दस्तऐवजांची परीक्षा करणारास ठाऊक असलेली कसोटीच अधिक कामाची. नक्कल करणाराची लेखणी अडखळते पण विचार बदलीत नाहीं. मूळ लिहिणारा विचार बदलतो पण अडखळत नाहीं. ज्या कागदावर मुलाचा हात आधीं वर काढून मग खालीं घेतला आहे, ज्यावर कुत्र्याची जागा दोनदां बदलली आहे, तो कागद बहुधा अस्सल. छापील चित्राशीं रेषेरेषेनें जुळणारें व एकही खाडाखोड नसलेलें रेखाटन संशयानेंच हातीं घ्यावें.

छापील प्रतींतही भेद असतो. लाकडी ठसा पुष्कळ प्रती देतो, परंतु अखेर झिजतो. केंसासारख्या रेषा तुटतात, कांठ चेंबतात. बॉक्सच्या झुडपाचें खोड लहान, म्हणून मोठा ठसा अनेक तुकडे सांधून केलेला असतो, आणि कालांतरानें सांधा उघडला म्हणजे चित्रांतून एक सरळ पांढरी रेघ जाऊं लागते. तशी रेघ दिसली तर प्रत उशिरांची समजावी. पुढें मूळ ठसा जपून ठेवून विजेच्या योगानें तांब्याचा प्रतिठसा करण्याची रीत पडली, व मोठ्या आवृत्त्या त्यावरून निघाल्या. जर्मन कायद्यानें त्या काळीं चित्रकाराच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनीं हक्क सुटत असे. त्यामुळें १९१४ नंतर कोणासही रिख्टर छापण्यास मोकळीक झाली, आणि या नंतरच्या स्वस्त प्रतींतच तो अनेकांस भेटला. चित्राच्या पाठीवर मजकूर छापलेला असल्यास तें पुस्तकांतून फाडलेलें पान होय. पाठ कोरी, कागद पातळ व शाई गडद असेल तर तो छपाईपूर्व नमुना असण्याचा संभव आहे. येथें तंत्राच्या ओघांत आपल्याकडील एक गोष्ट आठवते. पुण्यास सवाई माधवरावांच्या अमदानींत जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखालीं तयार झालेल्या गंगाराम तांबटाचीं जीं रेखाटनें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत, त्यांत लेणीं आहेत, पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडाही आहे. त्या हातानें शनिवारांतल्या किंवा कसब्यांतल्या एखाद्या वाड्याचें माजघर काढलें असतें तर!

असो. आतां मूळ प्रश्न. रिख्टरचीं चित्रें पाहून १८५० च्या सुमाराचें सॅक्सनीतील घर असें होतें, असें म्हणतां येईल काय?

वस्तूंपुरतें बोलावयाचें तर पुष्कळ अंशीं होय. फरशांची शेकोटी, पाळणा, चरखा, भिंतीवरचें घड्याळ, दुधाचीं भांडीं, खिडकीच्या बारीक कांचा, मुलांचीं लांकडी खेळणीं, या वस्तु त्यानें पाहून काढल्या आहेत. माइसेनसारख्या जुन्या गांवांत तो सात वर्षें राहिला होता, आणि पुढें उन्हाळा तो ड्रेस्डेनजवळच्या लोश्विट्झ या द्राक्षमळ्यांच्या गांवीं काढीत असे. परंतु याच वस्तूंच्या निवडीस कान लाविला म्हणजे साक्षीदार कांहीं गोष्टी सांगत नाहीं असें आढळून येतें. लाइपझिग व ड्रेस्डेन यांमधील आगगाडी १८३९ सालीं सुरू झाली. चित्रकार एका टोंकास, प्रकाशक दुसऱ्या टोंकास. पण वह्यांतील जगांत माणसें पायीं चालतात, फार तर बैलगाडींत बसतात. सॅक्सनी हा त्या वेळीं जर्मनींतील यंत्रोद्योगाचा एक अग्रेसर प्रांत होता; चित्रांत सूत चरख्यावर निघतें, गिरणी दिसते ती पिठाची. पोषाख तर अनेकदां चित्रकाराच्या बापाच्या किंवा त्याहूनही जुन्या पिढीचे आहेत. १८५८ सालच्या वहींतील टोपी पाहून १८५८ सालीं ती टोपी घालीत असत असें लिहिणारा संशोधक फसेल.

याहून मोठें मौन राजकारणाचें आहे. १८४९ च्या मे महिन्यांत ड्रेस्डेनच्या रस्त्यांत बंड झालें, मोर्चे रचले गेले व प्रशियन सैन्याच्या साह्यानें तें मोडण्यांत आलें. रिख्टर ज्या अकादमींत शिकवीत होता तेथील वास्तुशास्त्राचा अध्यापक गोटफ्रीड झेम्पर यास या प्रकरणीं देश सोडून पळावें लागलें. दरबारचा संगीतकार रिखार्ट वाग्नर यासही तसेंच. त्यानंतर दोनच वर्षांनीं शांत कोनाड्यांची पहिली वही बाहेर पडली. या वह्या विकत घेणारा वाचकवर्ग रस्त्यांतून परत येऊन दार लावून बसलेला होता, हें विसरून त्या पाहूं नयेत.

आणि सर्वांत मोठें मौन चित्रकाराच्या स्वतःच्या घराविषयींचें आहे. १८४७ सालीं त्याची मुलगी मारिया ऐन तारुण्यांत वारली. त्याच वर्षीं त्यानें ‘वसंतांतील वरात’ हें रंगचित्र पुरें केलें. त्यांत झाडींतून नवरानवरी व मुलें येत आहेत. १८५४ सालीं बायको वारली. ‘आमच्या बापा’, ‘घरासाठीं’ चे चारी भाग, ‘आमची रोजची भाकर’, हीं ज्यांत आईचा हात पानोपानीं आहे, तीं सर्व पुस्तकें तो विधुर असतांना निघालीं. सॅक्सनींत त्या काळीं जन्मलेल्या चार मुलांपैकीं सुमारें एक मूल वर्षाच्या आंत दगावत असे. वह्या विकत घेणाऱ्या घरोघरीं एखादा रिकामा पाळणा असणारच. म्हातारपणीं रिख्टर यानें आत्मचरित्र लिहिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, १८८५ सालीं, हाइनरिख यानें प्रसिद्ध केलें. बालपण, रोम, माइसेन यांचें त्यांत मोठें रसाळ वर्णन आहे. परंतु त्याची स्वतःची हकीकत १८४७ पर्यंत येते व तेथें थांबते. पुढचा भाग मुलानें रोजनिशा व पत्रें यांवरून जुळविला आहे. लेखणी जेथें थांबली तेथून पुढें पेन्सिल वीस वर्षें चालत राहिली, आणि ती जें घर काढीत होती तें त्याच्या डोळ्यांपुढें नव्हतें.

यावरून हीं चित्रें खोटीं ठरतात काय? माझ्या मतें नाहीं. तीं कोणत्या प्रकारचा कागद आहेत एवढें ठरतें. जमाखर्चाचा कीर्द व तीर्थयात्रेचा संकल्प या दोन्ही अस्सल वस्तु आहेत. पण संकल्पावरून शिल्लक काढावयाची नसते. रिख्टरची वही ही कीर्द नव्हे. सॅक्सनीतील मध्यम वर्गास आपलें घर कसें असावें असें वाटे, त्याचा ती समकालीन व अस्सल लेख आहे, आणि त्या दृष्टीनें तिच्याइतका विस्तृत लेख दुसरा क्वचित् मिळेल. मुलानें गोष्टीकडे दुर्लक्ष केलें तरी आजीनें रागावूं नये, बापानें दारांतच पोरास उचलून घ्यावें, या अपेक्षा कांहीं सर्व काळीं सर्वत्र होत्या असें नाहीं. त्या केव्हां व कोणत्या वर्गांत रूढ झाल्या, हा इतिहासाचाच प्रश्न आहे, व त्याचें उत्तर अशाच चित्रांत शोधावें लागतें. शिवाय ज्या गोष्टी चित्रकारानें मुद्दाम मांडल्या नाहींत, त्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. मूल कडेवर कसें घेत, निजलेलें पोर कोणत्या बाजूनें उचलीत, जेवतांना लहान मुलें बाकावर बसत कीं उभीं राहत, यांत त्यास कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें. साक्षीदार बेसावध असतांना जें बोलतो तें टिपून घ्यावें, हा नियम बखरींस लागू आहे तसाच चित्रांसही.

आणि एके ठिकाणीं साक्षीदारानें स्वतःच पडदा बाजूस केला आहे. १८५३ सालचें ‘दुकान बंद करावयाचें असल्यामुळें सर्व माल विकणें आहे’ अशा मथळ्याचें त्याचें एक लाकडी चित्र आहे. ड्रेस्डेनच्या नाताळच्या बाजारांत, ज्याचा उल्लेख १४३४ पासून सांपडतो, दोन लहान मुलें थंडींत कुडकुडत बसलीं आहेत. त्यांच्या पुढ्यांत सुकविलेल्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या आहेत; या बाहुल्या धुराडीं झाडणाऱ्या पोराच्या आकाराच्या करीत. धुराड्यांत लहान पोरांनाच चढवीत असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे गरीब मुलांनीं त्याहूनही गरीब मुलाची आकृति विकावी, यांतील मर्म कळतें. मथळा मोठ्या व्यापाऱ्याच्या जाहिरातीचा; दुकान म्हणजे एक फळी. चित्रकार विनोद करीत आहे, पण मुलांस हंसत नाहीं. मुलांच्या अंगावर घेतलेलें वस्त्र, एकमेकांस टेकून बसण्याची रीत, यांत तीच माया आहे जी शेकोटीजवळच्या मुलांत आहे; मात्र येथें शेकोटी नाहीं, आई नाहीं. हें चित्र नेहमीं नाताळचें गोड चित्र म्हणून छापलें जातें. तें इतर सर्व वह्यांच्या शेजारीं ठेवून पाहावें. रिख्टरला बाहेरचें ठाऊक होतें. घरांत काय घ्यावयाचें हें त्यानें निवडलें होतें.

ज्यांस रिख्टरचीं पानें जमवावयाचीं असतील त्यांनीं त्याचा शिष्य हॉफ यानें गुरूच्या हयातींत, १८७७ सालीं, प्रसिद्ध केलेली यादी प्रथम मिळवावी. तिची बुड्डे यानें वाढविलेली आवृत्ति १९२२ ची आहे, आणि लिलावाच्या याद्यांतून आजही ‘हॉफ’ असें लिहून पुढें आंकडा देतात तो या यादींतला. मूळ रेखाटनांचा मोठा संग्रह ड्रेस्डेनच्या सरकारी मुद्राचित्रसंग्रहांत आहे. १९४५ च्या फेब्रुवारींत ते शहर बाँबफेकीनें उद्ध्वस्त झालें. युद्धानंतर तेथील कलासंग्रहांचा मोठा भाग रशियांत नेण्यांत आला व १९५८ च्या सुमारास बहुतेक परत आला. ज्या गल्ल्या, पायऱ्या व विहिरी रिख्टर यानें काढल्या त्यांपैकीं ड्रेस्डेनमधील पुष्कळ आतां त्या कागदांवरच आहेत. माइसेन येथील जुनी वस्ती बरीच शिल्लक आहे, व तेथें उभें राहून कोणत्या खिडकीसमोर तो बसला असेल याचा अजमास अद्यापि करतां येतो.